जखमेवरचं जेल, खडकावरचे शिनाणे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात मी ग्रोथ फॅक्टर नावाच्या प्रथिनांचा ओझरता उल्लेख केला होता. पेशींना ‘वाढा, सरका, विभागा’ असा निरोप देणारी ही प्रथिनं. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळची सगळी जागा त्यांनाच देते आहे. ही प्रथिनं जागेवर धरून ठेवणारे पृष्ठभाग बनवणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : ताई, माझे वडील 68 वर्षांचे आहेत, जुना मधुमेह आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली ती चार महिने भरत नाही. डॉक्टरांनी ग्रोथ फॅक्टरचं जेल लिहून दिलंय. महाग आहे. मी रोज लावते, पण दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली की निम्मं जेल पट्टीलाच लागून येतं. मग आत काय जातं? जखमेत टिकून राहील असं काही निघालंय का? *(एक वाचक, सांगली)*

उत्तर : पट्टी सोडताना तुमच्या जे लक्षात आलं, तोच या औषधातला खरा अवघड भाग आहे. म्हणून आधी हे औषध काम कसं करतं ते सांगते.

या जेलमध्ये बहुतेक वेळा ईजीएफ किंवा पीडीजीएफ यांपैकी एक प्रथिन असतं. ईजीएफ अगदी लहान आहे, अवघ्या 53 अमिनो आम्लांची साखळी. ते सापडलं ते उंदराच्या लाळग्रंथीत. स्टॅनली कोहेन यांनी त्या ग्रंथींचा अर्क नवजात उंदरांना टोचला, तेव्हा पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले. ते कशामुळे, याचा छडा लावता लावता हे प्रथिन हाती आलं. रीटा लेव्ही-माँताल्चिनी आणि कोहेन यांना 1986 चं नोबेल मिळालं ते ग्रोथ फॅक्टरच्या शोधांसाठीच.

हे औषध रक्तात जावं लागत नाही. जखमेच्या तळाशी आणि कडेला ज्या जिवंत पेशी आहेत, त्यांच्या पृष्ठभागावर या प्रथिनासाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे ते बसलं की पेशीला आतून हुकूम सुटतो आणि ती कडेवरून मधे सरकू लागते, विभागू लागते. पण बसायला वेळ मिळाला पाहिजे. मधुमेहाच्या जुन्या जखमेत सतत पाणी सुटत असतं, त्यात काही औषध वाहून जातं. उरलेल्याच्या वाटेवर प्रथिनं कापणारी एन्झाइम्स बसलेली असतात. ताज्या जखमेत ती थोडा काळ येतात, साफसफाई करतात आणि ओसरतात. जुन्या जखमेत ती मुक्कामच ठोकतात. उसाच्या सरीत युरिया फेकून लगेच पाटाचं पाणी सोडलं तर खत कुठे जातं, हे सांगलीकरांना मी सांगायला नको.

निरोगी ऊतीत असं होत नाही. शरीर ही प्रथिनं मोकळी सोडतच नाही. पेशींच्या अवतीभवती जे जाळं असतं त्यात हेपरान सल्फेट, फायब्रोनेक्टिन, कोलॅजेन असे घटक असतात. अनेक ग्रोथ फॅक्टर या जाळ्याला धरून बसतात, तिथे सुरक्षित राहतात आणि लागतील तसे पेशींच्या हाती पडतात. आपण जेल लावतो तेव्हा प्रथिन देतो, पण ते धरून ठेवणारं जाळं त्या जखमेत मोडलेलं असतं.

तरी जेल वाया जातं असं समजू नका. पीडीजीएफच्या जेलला अमेरिकेत 1997 मध्ये परवानगी मिळाली. ज्या चाचणीच्या आधारावर ती मिळाली, तिच्यात औषध लावलेल्यांपैकी 50 टक्के रुग्णांच्या जखमा 20 आठवड्यांत पूर्ण भरल्या. नुसतं औषधाविना जेल लावलेल्यांत हा आकडा 35 टक्के होता. फायदा खरा आहे, चमत्कार नाही. क्यूबातल्या डॉक्टरांनी वेगळी वाट धरली. जेल टिकत नाही म्हणून त्यांनी ईजीएफ थेट जखमेच्या कडेत आणि तळात सुईने टोचायला सुरुवात केली, आणि 2006 मध्ये तिथे त्या औषधाची नोंदणी झाली.

जखमेत स्वतःहून चिकटून राहील असं प्रथिन बनवण्याचं काम जोरात चालू आहे, खाली एका विद्यार्थिनीच्या प्रश्नात त्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. पण ते बहुतांशी उंदीर-घुशींवर झालेलं काम आहे, तुमच्या दुकानात आज मिळतं ते साधं जेलच. तेव्हा आहे त्यातून पुरेपूर काढायचं. जेलचा पातळ थर पुरतो, जाड थरातला वरचा भाग पट्टीच पिते. लावण्याआधी जखम डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाईनने धुवा. मेलेलं मांस आणि कडेची जाड कातडी डॉक्टरांकडून वेळच्या वेळी काढून घ्या, कारण मेलेल्या पेशी निरोप ऐकत नाहीत. ट्यूबवर फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलं असेल तर ती फ्रिजमध्येच हवी, प्रथिन उन्हाळ्यात कपाटात टिकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या अंगठ्यावर वडिलांचा भार पडता कामा नये. पायाकडे जाणारा रक्तपुरवठा तपासलाय का, हेही डॉक्टरांना विचारा. पाऊल टेकत असेल आणि रक्त पोचत नसेल, तर कितीही महाग जेल आणा, जखम भरणार नाही.

प्रश्न : शिनाण्यांपासून ऑपरेशनचा गोंद बनवतात असं मुलाने मोबाइलवर दाखवलं. आमच्याकडे खडपावर शिनाणे भरपूर. कोणी कंपनी विकत घेते का? *(एक वाचक, मालवण)*

उत्तर : मी वेंगुर्ल्याची, त्यामुळे हे पत्र वाचून फार बरं वाटलं. गोंदाची गोष्ट खरी आहे, आणि शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले, साफ करणाऱ्या प्रत्येकाने तो गोंद हाताळलेला आहे.

शिंपल्यांच्या फटीतून तपकिरी केसांसारखे दोरे बाहेर आलेले असतात, जे आपण ओढून टाकतो. पुढच्या वेळी टाकण्याआधी एक दोरा उजेडात धरून बघा. टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडी मोठी चकती दिसेल. कधी तिला खडकाचा कणही चिकटलेला असतो, कारण ओढताना गोंद सुटण्याआधी दगड सुटला. शिनाणा आपला जिभेसारखा पाय बाहेर काढून खडकावर दाबतो, पायाच्या खोबणीत प्रथिनं सोडतो आणि काही मिनिटांत एक दोरा चकतीसकट तयार होतो. हे सगळं खाऱ्या पाण्यात, लाटा आदळत असताना. आपले बाजारातले बहुतेक गोंद ओल्या पृष्ठभागावर हार मानतात, आणि शरीराच्या आत तर सगळंच ओलं आणि खारट.

याचं रहस्य 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या हर्बर्ट वेट यांनी उलगडायला घेतलं. या प्रथिनांत टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि शिनाणा त्यातल्या बऱ्याच टायरोसिनना ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी जास्तीची लावतो. त्यातून डोपा तयार होतं. पार्किन्सनच्या रुग्णांना गोळीतून देतात तोच हा रेणू. डोपा खडकातल्या धातूंना घट्ट पकडतं. शेजारी असलेलं लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल खडकावरचा खाऱ्या पाण्याचा पातळ थर बाजूला सारतं आणि डोपाला जागा करून देतं.

आता विक्रीचं. एके काळी हे प्रथिन खरंच शिनाण्यांच्या जातभाईंच्या पायांतून काढत. एक ग्रॅम मिळवायला सुमारे 10,000 शिंपले लागत. प्रयोगशाळेत पेशी चिकटवायला वापरतात ते सेल-टॅक नावाचं उत्पादन असंच शिंपल्यांपासून काढलेलं आहे. पण औषधासाठी किलोंनी माल हवा तर हा मार्ग परवडत नाही. म्हणून दक्षिण कोरियातल्या पोहांग इथल्या विद्यापीठात ह्युंग जून चा यांच्या गटाने या प्रथिनाचा जीन ई. कोलाय जिवाणूत घातला. पायातली प्रथिनं बरीच आहेत, त्यांना नंबर दिलेले असतात. पाच नंबरचं चिकट, पण जिवाणू ते थोडंच बनवत आणि ते पाण्यात नीट विरघळतही नसे. एक नंबरच्या प्रथिनात दहा अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. चा यांच्या गटाने पाच नंबर मधे ठेवलं आणि त्याच्या दोन्ही टोकांना एक नंबरचे सहा-सहा तुकडे जोडले. निसर्गात नसलेलं हे जोडप्रथिन जिवाणूंनी भरपूर बनवलं आणि ते विरघळूही लागलं. 2007 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि त्याचं नावच 1-5-1 असं ठेवलं.

जिवाणूला टायरोसिनचं डोपा करता येत नाही, ते नंतर टायरोसिनेज नावाच्या एन्झाइमने करावं लागतं. हे एन्झाइम मिळतं मशरूममधून. कापून ठेवलेलं मशरूम काळं पडतं ते त्याच्याचमुळे.

माझ्या कामात याचा उपयोग असा की या प्रथिनाच्या टोकाला मनाजोगतं शेपूट लावता येतं. पेशींना पकडायला जागा देणारं शेपूट लावलं की काचेवर, प्लास्टिकवर, टायटॅनियमच्या स्क्रूवर पेशी बसतात. उलटही करता येतं. जपानच्या रिकेन संस्थेतल्या योशिहिरो इतो यांच्या गटाने एका ग्रोथ फॅक्टरलाच टायरोसिनवालं शेपूट जोडलं, टायरोसिनेजने त्याचं डोपा केलं आणि ते प्रथिन टायटॅनियमला चिकटवलं. हाडात बसवायचा धातू स्वतःच पेशींना ‘इथे वाढा’ म्हणू लागतो, हा त्यामागचा विचार.

तेव्हा कंपनीला आता शिनाणे नकोत, त्यांचा जीन पुरतो. तुमचा माल खाणाऱ्यांनाच विका. केरळात कासरगोडच्या खाडीत दोरांवर शिनाण्यांची शेती करतात, ती एकदा जाऊन बघण्यासारखी आहे. खडपावरचे सगळे ओरबाडले तर पुढच्या वर्षीचं बी राहत नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी फायब्रोनेक्टिनवर वाचतेय. पेशी चिकटणारा भाग आणि ग्रोथ फॅक्टर धरणारा भाग एकाच प्रथिनात जोडायचा खटाटोप का करतात? दोन्ही वेगवेगळे टाकले तर चालत नाही का? *(एक विद्यार्थिनी, नांदेड)*

उत्तर : नाही चालत, आणि का नाही हेच या विषयातलं सगळ्यात सुंदर काम आहे. प्रोजेक्टसाठी फार चांगला प्रश्न निवडला आहेस.

फायब्रोनेक्टिन हे मोठं प्रथिन एकसारख्या लहान घड्यांच्या माळेतून बनलेलं आहे. त्यातल्या तिसऱ्या प्रकारच्या घड्यांकडे बघ. दहाव्या घडीत आर्जिनिन, ग्लायसिन, अस्पार्टिक आम्ल अशी तीनच अमिनो आम्लांची खूण आहे, जिला आपण सगळे आरजीडी म्हणतो. पिअर्शबाकर आणि रुओस्लाहती यांनी 1984 मध्ये दाखवलं की एवढ्या मोठ्या प्रथिनातला हा चिमुकला तुकडाही पेशींना चिकटायला पुरतो. नवव्या घडीतली एक खूण ही पकड अजून घट्ट करते. म्हणून नऊ-दहा हा पेशी धरणारा भाग. थोडं पुढे बारा ते चौदा या घड्या आहेत. स्वित्झर्लंडच्या लोझानमधले मिकाएल मार्तिनो आणि जेफ्री हबेल यांनी 2010 मध्ये दाखवलं की या तीन घड्या एकाच नव्हे, वेगवेगळ्या घराण्यांतल्या कितीतरी ग्रोथ फॅक्टरना धरतात.

पुढच्या वर्षी त्यांनी दोन्ही भाग एका साखळीत जोडले आणि टोकाला रक्ताच्या गुठळीतल्या फायब्रिन नावाच्या धाग्यांशी गुंफलं जाणारं एक लहान शेपूट लावलं. रक्त गोठताना जे एन्झाइम फायब्रिनला विणतं, तेच या प्रथिनालाही त्या विणीत घेतं. मग मधुमेही उंदरांच्या जखमेत हे फायब्रिन घातलं, सोबत रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ आणि पीडीजीएफ, दोन्ही अगदी थोडं. जखमा लवकर भरल्या. दुसरीकडे घुशींच्या कवटीच्या हाडात पाडलेल्या भोकावर पीडीजीएफ आणि हाड बनवायला लावणारं बीएमपी-2 घेऊन हाच प्रयोग केला, तिथे हाड भरून आलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी केलेल्या प्रयोगांत, आहे. नऊ-दहा आणि बारा-चौदा हे तुकडे सुटे सुटे घातले, तेव्हा तेवढा परिणाम दिसला नाही. घटक तेच, पण एकमेकांना न जोडलेले.

कारण असं. पेशी ज्या हाताने पृष्ठभाग धरते ते इंटिग्रिन, आणि ज्या कानाने निरोप ऐकते तो ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टर. पेशीच्या आवरणात हे दोघे जवळ आले की आतले संदेश एकमेकांना जोर देतात. एकाच साखळीवर दोन्ही खुणा असल्या तर हे जवळ येणं घडवून आणता येतं. सुटे तुकडे कुठेही पडतात आणि जवळ आले तर तो योगायोग.

दोन गोष्टी अजून वाच. लिंडा ग्रिफिथ यांच्या एमआयटीतल्या गटाने 1996 मध्ये ईजीएफ एका लवचीक दोऱ्याने काचेला बांधलं आणि यकृताच्या पेशींनी त्याला मोकळ्या ईजीएफसारखाच प्रतिसाद दिला. बांधलेलं प्रथिन मुकं होईल अशी तोवर अनेकांना शंका होती. दुसरं, 1998 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी क्लॉस्ट्रिडियम जिवाणूच्या कोलॅजेन कापणाऱ्या एन्झाइममधला फक्त कोलॅजेन धरणारा तुकडा घेतला, कापणारा सोडून दिला, आणि तो ग्रोथ फॅक्टरला जोडला. मांस कुजवणाऱ्या जिवाणूच्या हत्याराचा दांडा काढून तो जखम भरण्याच्या कामाला लावला. मला हे काम अजूनही थक्क करतं.

प्रोजेक्टबद्दल एक सांगते, कारण तुझ्या वयाची मुलं इथेच अडकतात. कोटिंगनंतर प्लेट नीट धुतली नाहीस तर चिकटलेलं ग्रोथ फॅक्टर आणि नुसतं पाण्यात राहिलेलं यांत फरकच कळत नाही. धुतलेलं पाणी फेकू नकोस, त्यातही एलायझा, म्हणजे प्रथिन किती आहे ते मोजणारी चाचणी, कर. जितकं टाकलं त्यातून धुऊन गेलेलं वजा केलंस की किती बसलं याचा अंदाज येतो. उघड्या राहिलेल्या जागा अल्ब्युमिनने भर, नाहीतर प्रथिन सरळ प्लास्टिकवर बसतं आणि तुला वाटतं तुझ्या फायब्रोनेक्टिनने ते धरलं. आणि पेशी टाकताना सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, नको. सीरममध्ये स्वतःचंच फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन असतं, ते तुझ्या कोटिंगच्या आधी जाऊन बसतं आणि सगळ्या प्लेट सारख्याच छान दिसू लागतात.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. अशा उपचारांत प्राण्यांचा अंश असतो का? *(एक वाचक, इचलकरंजी)*

उत्तर : ज्याचं त्याला विचारावं लागेल. कोलॅजेनच्या बऱ्याचशा पट्ट्या आणि स्पंज गाय, डुक्कर किंवा माशांपासून बनतात. शस्त्रक्रियेतला फायब्रिन गोंद माणसाच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून येतो. जीन घालून जिवाणूत बनवलेल्या प्रथिनासाठी प्राणी मारावा लागत नाही, पण जिवाणू ज्या खाद्यावर वाढवले त्यात प्राणिजन्य काही होतं का, हे उत्पादकच सांगू शकतो. शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनना स्पष्ट सांगा. हा प्रश्न त्यांना नवा नसतो, आणि पर्याय असेल तर ते देतात.

प्रश्न : ग्रोथ म्हणजे वाढ. मग या औषधाने कॅन्सर वाढणार नाही का? माझ्या आईला लावायचं म्हणतात, मी नको म्हणतोय. *(एक वाचक, नाशिक)*

उत्तर : तुमची भीती निराधार नाही, अमेरिकेच्या औषध प्रशासनालाही ती वाटली होती. 2008 मध्ये पीडीजीएफच्या जेलवर त्यांनी ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, कारण तीन किंवा अधिक ट्यूब वापरलेल्या रुग्णांत कॅन्सरने होणारे मृत्यू जास्त दिसले होते. नंतरच्या पाठपुराव्यात तो धोका पक्का झाला नाही आणि 2018 मध्ये ती चौकट काढली गेली. मात्र जिथे जेल लावायचं त्याच जागी कॅन्सर असेल तर ते लावत नाहीत, हा नियम कायम आहे. आईला कॅन्सर झालेला असेल किंवा संशय असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. तसं काही नसेल तर केवळ नावावरून नकार देऊ नका.

खरा धडा मला वाटतं हाडांच्या औषधातून मिळतो. मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये दाखवलं की क्षार काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तर तिथेही नवं हाड बनतं. त्यामागचं प्रथिन म्हणजे बीएमपी. त्यातलं बीएमपी-2 पाठीच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी 2002 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून ठेवतात, मोठ्या पॅकमध्ये तब्बल 12 मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत पेशींना आम्ही ग्रोथ फॅक्टर देतो ते बहुधा नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या दहा लाखाव्या भागांत, यावरून अंदाज करा. एवढं का लागतं? कारण स्पंज ते नीट धरून ठेवत नाही, पहिल्या काही दिवसांतच बरंच सुटून आजूबाजूला पसरतं. मानेच्या मणक्यांत हे वापरल्यावर काही रुग्णांच्या घशाला आणि मानेला इतकी सूज आली की श्वास अडला, आणि 2008 मध्ये त्याबद्दल डॉक्टरांना सावध करणारी सूचना निघाली. हे प्रथिन वाईट आहे म्हणून असं झालं नाही. ते नको तिथे, नको तेवढं पोचलं.

म्हणूनच मी या कामाला एवढं महत्त्व देते. प्रथिन हाडाच्या किंवा जखमेच्या जागी बांधून ठेवता आलं तर डोस खाली आणता येतो आणि बाकी शरीराला त्याचा त्रास होत नाही. अर्थात जास्त काळ एका जागी बसून राहिलेल्या ग्रोथ फॅक्टरने काय होतं, हेही प्राण्यांवर दीर्घकाळ तपासावं लागतं. तो टप्पा गाळून कुणी तुमच्याकडे ‘नवीन तंत्र’ घेऊन आलं तर मात्र खुशाल नकार द्या.

प्रश्न : मी नववीत आहे. पेशी चिकटतात म्हणजे काय दिसतं? तुम्ही बघितलंय का? *(एक विद्यार्थिनी, वाई)*

उत्तर : रोज बघते, आणि अजून कंटाळा आला नाही.

आधी कोटिंग. शिंपल्याचं प्रथिन आमच्याकडे पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये येतं, बाटली उघडली की व्हिनेगरचा वास येतो. आम्लात ते शांत असतं, चिकटत नाही. ते सोड्याच्या पाण्यात, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटमध्ये मिसळलं की आम्ल मरतं आणि प्रथिन चिकटायला लागतं. मग रेंगाळायचं नाही, लगेच प्लेटमध्ये घालायचं, नाहीतर ते नळीलाच चिकटून बसतं. थोड्या वेळाने प्लेट पाण्याने धुवायची आणि वर पेशी सोडायच्या.

सूक्ष्मदर्शकाखाली सुरुवातीला पेशी गोल, चमकदार, कडेला उजळ वलय असलेल्या दिसतात. प्लेट हलवली की त्या सरकतात. चांगल्या कोटिंगवर अर्ध्या-एक तासात फरक दिसू लागतो. आधी चमक कमी होते. मग एका बाजूने पातळ पापुद्र्यासारखी कड बाहेर येते, ती पुढे पसरते, परत थोडी आत जाते, पुन्हा पुढे. पेशी चपटी होते आणि मधला केंद्रकाचा गोळा उठून दिसतो. आता प्लेट हलवली तरी ती जागची हलत नाही. शेजारच्या कोटिंग नसलेल्या खड्ड्यातल्या पेशी तोवर गोलच असतात. बऱ्याच पेशींना चिकटायला जागा मिळाली नाही तर त्या काही काळाने मरतात. म्हणजे चिकटणं ही त्यांच्यासाठी जगण्याची अट आहे. तुझ्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर गालाच्या आतल्या पेशी खरवडून बघ. त्या चपट्या असतात. त्या मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या असल्या तरी आकार कळेल.

प्रश्न : ईजीएफ आणि शिंपल्याचं प्रथिन असलेलं कोरियन सीरम मैत्रिणीने आणलंय. 1800 रुपये. घेऊ का? *(एक वाचक, ठाणे)*

उत्तर : मी घेणार नाही. धडधाकट त्वचेतून साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठे रेणू सहसा आत जात नाहीत. ईजीएफ 6000 च्या आसपास आहे, शिंपल्याचं प्रथिन त्याहून मोठं. दोन्ही वरच राहतात आणि रात्री चेहरा धुतला की बेसिनमध्ये जातात. वर लिहिलेल्या सगळ्या गोष्टी उघड्या जखमेच्या किंवा शरीराच्या आतल्या आहेत, त्यांवरून क्रीमबद्दल काही ठरत नाही. मैत्रिणीला मात्र एक नक्की सांगा. चेहऱ्यावर न भरणारा फोड किंवा रंग-आकार बदलणारा तीळ असेल तर त्यावर हे लावायचं नाही, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं.